राखेचा वापर वाढला. भिंतीच्या टिकाऊपणाचा हिशेब बाकी

कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रांमधून बाहेर पडणाऱ्या राखेचा शंभर टक्के वापर झालाच पाहिजे, असे बंधन घालणारी अधिसूचना केंद्रीय पर्यावरण, वने आणि हवामान बदल मंत्रालयाने ३१ डिसेंबर २०२१ रोजी जारी केली. न वापरलेल्या राखेसाठी प्रति टन एक हजार रुपये पर्यावरणीय भरपाई आकारण्याची तरतूद तीत आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नोंदींनुसार १९९६-९७ या वर्षात देशात सुमारे ६ कोटी ८९ लाख टन राख निर्माण झाली होती आणि तिच्यापैकी जेमतेम साडेनऊ टक्के राख उपयोगात आली होती. २०२१-२२ या वर्षात राखेची निर्मिती २७ कोटी टनांच्या पुढे गेली आणि वापराचे प्रमाण ९६ टक्क्यांच्या जवळ पोहोचले. पंचवीस वर्षांतील हा बदल निःसंशय मोठा आहे.

या राखेचा सुमारे चौथा हिस्सा सिमेंटमध्ये जातो. पोलाद कारखान्यांतील झोतभट्टीची मळीही बहुतांशी सिमेंट उद्योगच उचलतो. म्हणजेच देशातील असंख्य घरांच्या विटा ज्या मालाने सांधल्या जातात आणि ज्या गिलाव्याने भिंती झाकल्या जातात, त्यात आज कारखान्यांचे हे उपपदार्थ मिसळलेले असतात. असा माल किती वर्षे टिकतो, हा प्रश्न त्यामुळे प्रयोगशाळेपुरता उरलेला नाही. शास्त्र या प्रश्नाचे उत्तर अनुकूल देते, मात्र काही अटींवर. आपली धोरणे राखेचे टन काटेकोरपणे मोजतात. त्या अटी बांधकामाच्या जागी पाळल्या जातात की नाही, याची मोजणी मात्र होत नाही.

राखेच्या तळ्यांपासून सिमेंटच्या पोत्यापर्यंत

भारतीय दगडी कोळशात राखेचे प्रमाण साधारणपणे ३० ते ४५ टक्के असते. तीन टन कोळसा जाळला की सुमारे एक टन राख उरते. वर्षानुवर्षे ही राख पाण्यात कालवून मातीच्या बंधाऱ्यांमागील तळ्यांमध्ये सोडली गेली. या तळ्यांनी शेतजमीन व्यापली, उन्हाळ्यात परिसरातील गावांवर राखेची धूळ पसरली आणि भूजल दूषित होण्याच्या तक्रारी वाढत गेल्या. मध्य प्रदेशातील सिंगरौली परिसरात २०१९ आणि २०२० या दोन वर्षांत राखेचे बंधारे फुटण्याच्या तीन घटना घडल्या. एप्रिल २०२० मधील दुर्घटनेत ग्रामस्थांचा बळी गेला. महाराष्ट्रात नागपूरजवळ कोराडी परिसरातील खसाळा येथील राखेचा बंधारा जुलै २०२२ मधील अतिवृष्टीत फुटला आणि राखमिश्रित पाणी शेतांत व जलप्रवाहांत शिरले.

राखेच्या वापराचे पहिले बंधन १४ सप्टेंबर १९९९ च्या अधिसूचनेने घातले. वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या परिघातील वीटभट्ट्यांना मातीत किमान २५ टक्के राख मिसळणे तिने सक्तीचे केले. पुढे २००३ मध्ये हा परीघ १०० किलोमीटर आणि २०१६ मध्ये ३०० किलोमीटर करण्यात आला. २०२१ च्या अधिसूचनेने जबाबदारीचा मुख्य भार राख निर्माण करणाऱ्या वीज केंद्रावर टाकला. प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी, हे तत्त्व तिच्या मुळाशी आहे. तळ्यांमध्ये पूर्वीपासून साचलेली राखही दहा वर्षांच्या मुदतीत उपयोगात आणण्याचे बंधन तिने घातले.

या सर्व वाटांमध्ये सिमेंट ही सर्वांत मोठी आणि भरवशाची वाट ठरली, यामागे अर्थशास्त्रही आहे. चुनखडी आणि माती सुमारे १४५० अंश सेल्सिअसला भाजून क्लिंकर हा सिमेंटचा मूळ घटक तयार होतो. एक टन क्लिंकरमागे साधारण ८०० ते ९०० किलो कार्बन डायऑक्साइड वातावरणात जातो आणि त्यातील निम्म्याहून अधिक वायू चुनखडीच्या विघटनातूनच बाहेर पडतो. इंधन बदलून तो टाळता येत नाही. क्लिंकरचा काही भाग कमी करून त्या जागी राख किंवा मळी घातली, तर खर्च आणि उत्सर्जन दोन्ही घटतात. चीनच्या खालोखाल जगात सर्वाधिक सिमेंट बनवणाऱ्या भारताचे वार्षिक उत्पादन ४० कोटी टनांहून अधिक आहे. केंद्र सरकारने २०२५ मध्ये सिमेंटसह काही उद्योगांसाठी हरितगृह वायूंच्या उत्सर्जन तीव्रतेची उद्दिष्टे अधिसूचित केल्यामुळे क्लिंकर कमी करण्याचा दबाव आणखी वाढला आहे.

भारतीय मानक ब्युरोने या मिश्रणाच्या मर्यादा ठरवून दिल्या आहेत. राखमिश्रित पोर्टलँड पोझोलाना सिमेंटमध्ये, म्हणजे बाजारात 'पीपीसी' नावाने मिळणाऱ्या सिमेंटमध्ये, १५ ते ३५ टक्के राख चालते. झोतभट्टीच्या मळीच्या सिमेंटमध्ये मळीचे प्रमाण २५ ते ७० टक्के असू शकते. राख आणि मळी दोन्ही असलेल्या संमिश्र सिमेंटसाठी २०१५ मध्ये स्वतंत्र मानक आले. त्यानुसार क्लिंकरचा वाटा ३५ टक्क्यांपर्यंत खाली आणता येतो. सिमेंटच्या पोत्यातील निम्म्याहून अधिक भाग दुसऱ्या उद्योगाचा उपपदार्थ असणे, हे आज संपूर्णपणे नियमाला धरून आहे.

जुनेच तत्त्व, नवा पदार्थ

एखाद्या पदार्थाची पूड चुन्यात मिसळून बांधकामाचा माल मजबूत करण्याची कल्पना भारताला नवी नाही. भाजलेल्या विटांची पूड, म्हणजे सुरखी, चुन्यात घालून घाणीत मळलेला माल आपल्याकडील वाडे, पूल, टाक्या आणि धरणे यांच्या बांधकामात शतकानुशतके वापरला गेला. इटलीतील पोझ्झुओली येथील ज्वालामुखीची राख रोमन लोकांनी याच हेतूने वापरली आणि त्या गावावरूनच 'पोझोलाना' ही संज्ञा रूढ झाली. वीज केंद्राची बारीक राख हे त्याच तत्त्वाचे औद्योगिक रूप होय.

सिमेंट आणि पाणी एकत्र आले की दोन पदार्थ प्रामुख्याने तयार होतात. एक म्हणजे चिकट, घट्ट बांधणारा कॅल्शियम सिलिकेटचा जलयुक्त संयुग-समूह. मालाची ताकद मुख्यतः त्याच्यामुळे येते. दुसरा म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, अर्थात चुना. हा चुना ताकदीत फारशी भर घालत नाही. शिवाय तो पाण्यात विरघळतो आणि आम्ल किंवा सल्फेट यांच्या माऱ्याला लवकर बळी पडतो. राखेतील काचेसारखी सिलिका याच मोकळ्या चुन्याशी संयोग पावते आणि त्यापासून पुन्हा तोच बांधणारा पदार्थ तयार होतो. दुबळा घटक कमी होऊन बळकट घटक वाढतो आणि मालातील सूक्ष्म छिद्रे बारीक होत जातात.

टिकाऊपणाचे मर्म या छिद्रांमध्ये आहे. भिंतीला अपाय करणाऱ्या बहुतेक गोष्टी पाण्याबरोबर आत येतात. समुद्रकाठच्या हवेतील क्षार, जमिनीतील सल्फेट, पावसाचे पाणी आणि सांडपाण्यातील आम्ले यांना आत शिरायला वाट लागते. छिद्रे बारीक आणि एकमेकांपासून तुटक असतील, तर ही वाट बिकट होते. उत्तम प्रतीची राख किंवा मळी घातलेला आणि नीट पिकलेला माल क्षारांना व सल्फेटला साध्या सिमेंटच्या मालापेक्षा अधिक दाद देत नाही, हे देशोदेशीच्या प्रयोगशाळांनी आणि प्रत्यक्ष बांधकामांनी दाखवून दिले आहे. मोकळा चुना कमी असल्याने तो विरघळून भिंतीवर पांढरा थर येण्याचा त्रासही घटतो. काही प्रकारच्या खडीशी सिमेंटमधील अल्कलीचा संयोग होऊन काँक्रीट फुगते, त्यालाही राखेने आळा बसतो.

मोठ्या प्रकल्पांत हा अनुभव जुना आहे. उत्तर प्रदेशातील १९६२ मध्ये पूर्ण झालेल्या रिहंद धरणाच्या काँक्रिटमध्ये सिमेंटच्या काही भागाऐवजी राख वापरण्यात आली होती. सह्याद्रीतील घाटघर उदंचन जलविद्युत प्रकल्पात रोलरने दाबून घट्ट केलेल्या काँक्रिटची देशातील पहिली धरणे उभी राहिली. त्यांच्या बंधक द्रव्यात राखेचा वाटा निम्म्याहून अधिक होता. दैवदुर्विलास असा की, ज्या रिहंद धरणात राख उपयुक्त ठरली, त्याच धरणाच्या जलाशयात ऑक्टोबर २०१९ मध्ये काठावरील वीज केंद्राचा राखेचा बंधारा फुटून राख वाहून आली. पदार्थ तोच, परंतु एके ठिकाणी तो निवडून आणि मोजून वापरला गेला होता.

अट पहिली : वेळ आणि पाणी

राखेची चुन्याशी होणारी प्रक्रिया संथ असते. सिमेंटचा मूळ संयोग पहिल्या काही दिवसांत जोर धरतो, तर राखेचे काम आठवडे आणि महिने चालू राहते. त्यासाठी मालात ओल टिकून असावी लागते. ओल संपली की प्रक्रिया थांबते आणि उरलेली राख केवळ बारीक वाळूसारखी पडून राहते. अशा मालात क्लिंकरही कमी आणि राखेचा उपयोगही अपुरा, असे दुहेरी नुकसान होते.

मानकांमध्ये या बाबीची दखल आहे. काँक्रीटविषयीच्या आयएस ४५६ या संहितेच्या २००० च्या आवृत्तीत साध्या सिमेंटसाठी किमान सात दिवस, तर राख किंवा मळी असलेल्या सिमेंटसाठी किमान दहा दिवस पृष्ठभाग सतत ओला ठेवण्यास सांगितले आहे. मिश्र सिमेंटसाठी ही मुदत चौदा दिवसांपर्यंत वाढवण्याची शिफारसही तीत आहे. गिलावा आणि सांध्याच्या मालाला तर हे तत्त्व अधिकच लागू पडते. काँक्रिटच्या जाड तुळईच्या आत ओल काही काळ टिकते. अर्धा-पाऊण इंच जाडीचा गिलावा एका दुपारच्या उन्हात आणि वाऱ्यात कोरडा होतो, शिवाय कोरडी वीट मागच्या बाजूने पाणी शोषून घेते.

सिमेंटची प्रमाणित चाचणी या संथपणाला पुरता न्याय देत नाही. एक भाग सिमेंट आणि तीन भाग तमिळनाडूतील एन्नोरची प्रमाणित वाळू यांच्या मालाचे लहान ठोकळे पाण्यात ठेवून तीन, सात आणि अठ्ठावीस दिवसांनी दाबून पाहिले जातात. पीपीसीसाठी किमान ताकद अनुक्रमे १६, २२ आणि ३३ मेगापास्कल ठरवलेली आहे. साध्या ५३ श्रेणीच्या सिमेंटसाठी हेच आकडे २७, ३७ आणि ५३ असे आहेत. या चाचणीत ठोकळा अठ्ठावीस दिवस पाण्यात बुडालेला असतो आणि तापमानही नियंत्रित असते. प्रत्यक्ष भिंतीच्या वाट्याला असे लाड येत नाहीत. दुसऱ्या बाजूने पाहता, अठ्ठावीस दिवसांनंतर राखेमुळे वाढत जाणारी ताकद या चाचणीत दिसतच नाही. क्षार किंवा पाणी मालात किती वेगाने शिरते, याचे मोजमाप पीपीसीच्या नेहमीच्या स्वीकृती चाचण्यांमध्ये समाविष्ट नाही.

आणखी एका मर्यादेचा उल्लेख आवश्यक आहे. हवेतील कार्बन डायऑक्साइड मालात शिरून चुन्याशी संयोग पावतो आणि मालाची अल्कधर्मीयता घटवतो. राखेने मोकळा चुना आधीच खर्च केलेला असल्यामुळे मिश्र सिमेंटमध्ये ही क्रिया आतपर्यंत लवकर पोहोचू शकते. माल नीट पिकलेला नसेल, तर तिचा वेग आणखी वाढतो. नुसत्या विटांच्या भिंतीला यामुळे मोठे भय नाही. परंतु स्लॅब, तुळई आणि खांब यांच्या आतील सळईचे गंजापासून रक्षण याच अल्कधर्मीयतेमुळे होते. त्यामुळे कमी आच्छादन आणि अपुरे पाणी असलेल्या बांधकामात मिश्र सिमेंटचा लाभ तोट्यात बदलण्याची शक्यता असते.

अट दुसरी : पदार्थाची प्रत

'औद्योगिक कचरा' या एका शब्दाखाली परस्परांहून अगदी भिन्न असे पदार्थ येतात. राखेतच दोन मुख्य प्रकार आहेत. धुराड्यापूर्वीच्या विद्युत स्थितिक यंत्रणेत कोरडी पकडलेली राख अतिशय बारीक आणि क्रियाशील असते. तळ्यात सोडलेली राख भट्टीच्या तळच्या जाड राखेत मिसळलेली, ओली आणि बरीचशी निष्क्रिय असते. सिमेंट आणि माल यांत वापरावयाच्या पहिल्या प्रतीच्या राखेसाठी भारतीय मानकाने सूक्ष्मतेची किमान मर्यादा प्रति किलो ३२० चौरस मीटर पृष्ठफळ अशी ठेवली आहे. ४५ मायक्रॉनच्या चाळणीवर ३४ टक्क्यांहून अधिक राख उरता कामा नये आणि न जळालेल्या कोळशाचा अंदाज देणारी ज्वलनातील घट पाच टक्क्यांच्या आत असावी, अशाही अटी आहेत. न जळालेला कोळसा जास्त असेल, तर माल पाणी अधिक मागतो. आणि जास्त पाणी म्हणजे जास्त छिद्रे.

पोलाद उद्योगाच्या मळीचीही तीच गोष्ट आहे. झोतभट्टीतील वितळलेली मळी पाण्याच्या फवाऱ्याने झटकन थंड केली, तर ती काचेसारखी दाणेदार बनते आणि दळल्यावर स्वतःच सिमेंटसारखे गुण दाखवते. जर्मनीत १८६२ मध्ये एमिल लांगेन यांनी हा गुण ओळखला. भारतात या मळीच्या सिमेंटचे मानक १९५३ पासून आहे. भिलाई, राउरकेला, जमशेदपूर यांसारख्या पोलाद केंद्रांच्या आधाराने हे सिमेंट पूर्व व मध्य भारतात रुळले. मात्र लोखंडाचे पोलाद करताना निघणारी मळी वेगळी असते. तिच्यात मोकळा चुना आणि मॅग्नेशिया असू शकतात. ते पुढे अनेक महिन्यांनी पाणी शोषून फुगतात. अशी मळी पुरेशी न मुरवता गिलाव्यात वाळूऐवजी वापरली, तर भिंतीवर फोड येतात आणि गिलावा निघतो. रस्त्याच्या थरासाठी योग्य असलेला पदार्थ गिलाव्यासाठी योग्य असेलच, असे नाही.

खत कारखान्यांतील फॉस्फोजिप्सम सिमेंटमध्ये नैसर्गिक जिप्समऐवजी घालता येते, परंतु त्यातील फॉस्फेट आणि फ्लोराइडचे अंश काढले नाहीत तर सिमेंट उशिरा घट्ट होते. कोल्हापूरसारख्या ओतकाम केंद्रांमध्ये साचणारी वापरलेली साचावाळू नदीच्या वाळूला अंशतः पर्याय ठरू शकते. मात्र तिच्यातील चिकणमाती, कोळशाची पूड आणि रेझिनचे अंश आधी तपासावे लागतात. जस्त आणि तांबे उद्योगांच्या अवशेषांबाबत जड धातू पाण्यात उतरतात का, ही चाचणी टाळता येत नाही. प्रत्येक पदार्थाला त्याची स्वतंत्र कसोटी आहे. सर्वांना 'पर्यावरणपूरक' हे एकच बिरूद लावल्याने या कसोट्या नजरेआड होतात.

बांधकामाच्या जागी काय घडते

मोठ्या पुलाच्या किंवा मेट्रोच्या कामावर प्रयोगशाळा असते, अभियंता असतो आणि करारात पाणी मारण्याचे दिवसही लिहिलेले असतात. ग्रामीण घराच्या कामावर गवंडी, दोन मजूर आणि घरमालक असतात. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात किमान २५ चौरस मीटरच्या घरासाठी सपाट प्रदेशात १ लाख २० हजार आणि डोंगराळ प्रदेशात १ लाख ३० हजार रुपये साहाय्य ठरवलेले आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये पुढील पाच वर्षांत आणखी दोन कोटी घरांना मंजुरी दिली. ही घरे लाभार्थी कुटुंबांनी स्वतःच बांधायची असतात. एकदा मिळालेले साहाय्य पुन्हा मिळत नाही. त्या घराने किमान एका पिढीची सोबत करावी, अशीच या कुटुंबांची अपेक्षा असते.

ही बांधकामे बहुधा पावसाळ्यापूर्वी उरकायची असतात. मराठवाडा, बुंदेलखंड किंवा पश्चिम ओडिशा यांसारख्या प्रदेशांत नेमक्या त्याच महिन्यांत पिण्याच्या पाण्याचीही टंचाई असते. घरातील स्त्रिया डोक्यावरून हंडे आणत असताना भिंतीवर चौदा दिवस पाणी मारा, असे सांगणे सोपे नाही. त्यामुळे दोन-तीन दिवसांत पाणी मारणे थांबते. साध्या सिमेंटलाही ही कसूर बाधते, पण संथ पिकणाऱ्या मिश्र सिमेंटला ती अधिक बाधते. काही पावसाळ्यांनंतर गिलावा भुसभुशीत होतो, पोपडे निघतात, पायथ्याशी लोणा चढतो आणि दोष सिमेंटमधील राखेला दिला जातो. हिमालयीन राज्यांत अडचण उलट असते. तेथे थंडीमुळे राखेची प्रक्रिया मंदावते आणि हिवाळ्याच्या तोंडावर केलेला गिलावा ताकद धरण्याआधीच गोठणाऱ्या पाण्याच्या तडाख्यात सापडतो.

दुसरी चूक दुहेरी मिश्रणाची. पीपीसीच्या पोत्यात मानकाच्या मर्यादेत राख आधीच असते. ते लक्षात न घेता खर्च वाचवण्यासाठी बांधकामाच्या जागी त्यात आणखी राख टाकली, तर एकूण प्रमाण मर्यादेबाहेर जाते. जागेवर राख मिसळायचीच असेल, तर ती साध्या सिमेंटमध्ये, तपासलेल्या प्रतीची आणि मापून मिसळणे आवश्यक असते. फावड्याच्या अंदाजाने केलेले मिश्रण कोणत्याही मानकात बसत नाही.

धोरणात काय असावे

राखेचा वापर थांबवावा, असा या विवेचनाचा अर्थ मुळीच नाही. राखेची तळी आणि फुटणारे बंधारे हा पर्याय कोणालाही परवडणारा नाही. शिवाय नीट वापरलेली राख साध्या सिमेंटपेक्षा अधिक टिकाऊ भिंत देते. प्रश्न मोजमापाचा आहे. सध्याच्या व्यवस्थेत खोलगट जमिनीच्या भरावात टाकलेला एक टन आणि उत्तम सिमेंटमध्ये गेलेला एक टन, दोन्ही वापराच्या टक्केवारीत सारखेच मोजले जातात. टिकाऊपणाच्या दृष्टीने त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. दहा वर्षांतच पडझड होऊन पुन्हा सिमेंट लागणारी भिंत ना राख कमी करते, ना कार्बन.

काही पावले फारशी खर्चिक नाहीत. पाणी मारण्याचे किमान दिवस सिमेंटच्या प्रत्येक पोत्यावर स्थानिक भाषेत आणि चित्राच्या साहाय्याने ठळकपणे छापता येतील. आवास योजनेत काम जसजसे पुढे सरकते तसतसे हप्ते दिले जातात आणि त्यासाठी घराची छायाचित्रे घेतली जातात. त्याच टप्प्यांत पाणी मारल्याची नोंदही समाविष्ट करता येईल. याच योजनेतील ग्रामीण गवंडी प्रशिक्षणात मिश्र सिमेंट हाताळण्याच्या धड्यावर भर देता येईल. टंचाईग्रस्त भागांत ओली गोणपाटे, प्लास्टिकचे आच्छादन किंवा ओल धरून ठेवणारे लेप यांनी कमी पाण्यात काम भागू शकते. भारतीय मानक ब्युरोने क्षार आणि पाण्याच्या प्रवेशाच्या चाचण्या सिमेंटच्या स्वीकृतीशी जोडण्याचा विचार करावा, हीही अपेक्षा रास्त आहे. आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या वार्षिक आकडेवारीच्या जोडीला जुन्या राखमिश्रित बांधकामांची ठरावीक वर्षांनी पाहणी झाली, तर अनुभवाचा पुरावा हाती येईल.

भविष्याचा विचार केला तरी ही निकड स्पष्ट होते. भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले आहे. कोळशाचा वाटा पुढील दशकांत घटू लागला, तर ताजी, कोरडी आणि उत्तम राखही कमी होईल. तेव्हा नजर तळ्यांतील जुन्या राखेकडे वळेल आणि ती राख मुळातच निकृष्ट असल्याने निवड, वाळवणे आणि दळणे यांचे महत्त्व वाढेल. भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी यांवर आधारित सिमेंटचे मानक २०२३ मध्ये आले. त्यात क्लिंकर जवळजवळ निम्म्यावर येतो. पण त्यालाही पाणी आणि काळजी यांची गरज आहे. पदार्थ बदलतील, अटी बदलणार नाहीत.

वीज केंद्रांनी शंभर टक्के राख उचलली जाण्याचे लक्ष्य गाठले, तर ती समाधानाचीच गोष्ट ठरेल. ते यश पुरे झाले की नाही, हे मात्र आज बांधल्या जाणाऱ्या घरांच्या भिंती वीस-तीस वर्षांनी कशा दिसतात, त्यावरून ठरेल. त्या भिंतींची काळजी घेण्याचे दिवस, म्हणजे पहिले दोन आठवडे, प्रत्येक घराच्या वाट्याला एकदाच येतात. धोरणाची नजर तेथपर्यंत पोहोचली पाहिजे.